म्हशीच्या वाट्याचे गोड शब्द

गाडी अंगणात येऊन उभी होती आणि बाबा गोठ्यात होता. धाकटा भाऊ नितीन डिकीत बॅगा कोंबत होता, आई तांदळाच्या पापडांचा डबा कुठे बसतो का बघत होती, आळीतल्या बायका निरोप द्यायला जमल्या होत्या, आणि ज्याच्या पाया पडून निघायचं तो माणूस म्हशीची धार काढत बसला होता. आमच्या पालेगावात संध्याकाळची धार कुणाच्या विमानासाठी थांबत नसे. मी गोठ्याच्या दारात गेले. बाबाने बादली बाजूला ठेवली, खांद्यावरच्या पंच्याला हात पुसले. मी वाकले तसा म्हणाला, "जा. पोचलीस का फोन कर." संपलं.

मी अंगणात पोचायच्या आत मागून त्याचा आवाज आला, मऊ, कुणा लहान मुलाशी बोलावं तसा. "ये गो माझे बाय, शानी ती. पोर चालली आपली. लय हुशार हाय आपली पोर, कुटं अडायची नाय ती. सोड आता, पान्हा सोड." हे सगळं चांदीला. चांदी म्हणजे आमची म्हैस. मी गाडीत बसले ती काटई नाका मागे पडेपर्यंत रडत होते. नितीनला वाटलं, घर सुटलं म्हणून रडते आहे. ते खरंच होतं, पण अर्धंच.

(आमच्यात बापाला अरे-तुरेच करतात. आयर्लंडमध्ये इतकी वर्षं राहूनही मला ते 'बाबा आले, बाबा गेले' जमलेलं नाही. वाचणाऱ्यांनी चालवून घ्यावं.)

आमच्या घरात पोरांचं कौतुक तोंडावर करायची चाल नव्हती. कौतुक केलं की दृष्ट लागते, एवढा साधा हिशेब. लहानपणी मी बाबाच्या सायकलवर पुढच्या दांड्यावर बसून उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये दूध घालायला जायचे. तिथे पुष्पा आंटी म्हणून एक सिंधी बाई होत्या. त्या पातेलं घेऊन दारात यायच्या, माझी हनुवटी धरायच्या आणि म्हणायच्या, "पुट, कितनी सयानी है तू. देखना भैया, ये बड़ी अफसर बनेगी." मला गुदगुल्या व्हायच्या. बाबाचा चेहरा मात्र कुणी शाप दिल्यासारखा व्हायचा. घरी आल्यावर तो आईला म्हणायचा, "हिला आज लय बोलली ती." आई लगेच मीठ आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन माझ्यावरून उतरवायची आणि चुलीत टाकायची. ठसका आला नाही तर दृष्ट जबर. मग पुन्हा. पुष्पा आंटींच्या मायेपायी आमच्या घरात मिरच्या टिकत नसत.

म्हशीची गोष्ट वेगळी होती. तिच्याशी गोड बोलणं हे काम होतं. रागाने हात लावला, घाई केली, की म्हैस पान्हा चोरते. कास भरलेली असली तरी दूध उतरू देत नाही. म्हणून बाबा बसायच्या आधी तिच्या पाठीवर थाप मारायचा आणि सुरू करायचा, "ये गो माझे बाय, शानी ती." मग दिवसभराचं सगळं सांगायचा. भाताला कीड पडली ते, वाल बरा आला ते, आणि आमच्याबद्दलही. दहावीला मला चांगले मार्क पडले तेव्हा मला म्हणाला, "ठीक हाय," आणि गोठ्यात जाऊन चांदीला म्हणाला, "आइकलंस का, गावात पयली आली आपली पोर." मी कुडाला कान लावून उभी होते. अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत, लॅबमध्ये नोकरी लागली तेही चांदीलाच आधी सांगितलं गेलं. म्हशी बदलल्या, पण नाव चांदीच राहिलं, त्यामुळे आमच्या घरातल्या सगळ्या आनंदाच्या बातम्या एकाच नावाला ठाऊक आहेत.

आई यावर एकदाच बोलली. भांडी घासता घासता गोठ्याकडे बघत म्हणाली, "म्हशीच्या जल्माला आले असते तं बरा झाला असता. दोन गोड शब्द तरी कानाव पडले असते." आम्ही भावंडं खूप हसलो. आई हसली नव्हती, हे मला फार उशिरा आठवलं.

आणि मी पोचले कुठे, तर आयर्लंडमधल्या कॉर्कला. ज्या गावात लोक बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हणतात, दुकानातली बाई सुट्टे पैसे देताना 'लव' म्हणते, आणि दार धरून उभं राहिलं तर 'थँक्स अ मिलियन'. माझी सुपरवायझर नोरीन पहिल्याच आठवड्यात माझा रिपोर्ट बघून म्हणाली, "गुड गर्ल युअरसेल्फ!" सगळ्या लॅबसमोर. मी घाबरून म्हटलं की नाही, त्यात चुका असतील. तिने पुन्हा सगळा रिपोर्ट तपासला बिचारीने, एकही चूक सापडली नाही, आणि ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला कसं सांगणार, की कौतुक झालं की स्वतःला नाव ठेवून ते परतवायचं असतं?

माझी मुलगी सई झाली तेव्हा तर कहर झाला. जो येईल तो 'गॉर्जस', 'ब्यूटिफुल'. पोर रात्रभर किरकिरायला लागली. शेवटी एका सकाळी मी तव्यात मीठ-मिरच्या टाकल्या आणि पूर्ण इमारतीचा स्मोक अलार्म वाजला. शेजारची म्हातारी ब्रीडा सपाता घालूनच धावत आली. मी रडकुंडीला येऊन खरं ते सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती म्हणाली, तिची आजी कुणालाही बाळाला सुंदर म्हणू देत नसे, म्हणायचं तर लगेच पुढे 'गॉड ब्लेस हर' जोडावं लागे. मग तिने खिडक्या उघडल्या आणि सईकडे बघून ते तीन शब्द म्हणाली. त्या दिवसापासून परकं वाटणं थोडं कमी झालं.

तिकडे गाव बदलत होतं. शेत, घर, गोठा सगळं बिल्डरला गेलं, भाताच्या जागी टॉवर उभा राहिला आणि त्यातला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्हाला मिळाला. म्हैस लिफ्टने चढत नाही. चांदी जांभूळ गावच्या एका तबेल्यात गेली. तिला न्यायला टेम्पो आला तेव्हा बाबा खाली उतरला नाही, असं नितीन म्हणाला. त्यानंतर बाबाचं बोलणंच आटलं. व्हिडिओ कॉलवर मी असायचे, सई असायची. ती बोबडं 'लव यू आजोबा' म्हणायची. तो म्हणायचा, "बरा. थंडी हाय का तिकडं?" आणि फोन आईकडे द्यायचा. जे तिकडे राहिलेत त्यांना हा फोन माहीत आहे, जे माझ्यासारखे इकडे आलेत त्यांनाही. दोन्हीकडे माणसं स्क्रीनकडे बघत असतात आणि हवामानाचं बोलतात.

एके दिवशी लॅबमध्येच नितीनचा फोन आला. बाबाला झटका आला होता. नोरीनने माझ्या हातातलं काम काढून घेतलं आणि विमानाचं तिकीट काढेपर्यंत ती माझ्या शेजारून हलली नाही.

हॉस्पिटलात बाबाचा उजवा हात लुळा पडला होता आणि शब्द गेले होते. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. नवं वाक्य जुळवता येत नाही. वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं असतं तेवढंच बाहेर येतं; कुणाचं देवाचं नाव, कुणाचं गाणं, कुणाची शिवी. बाबाच्या तोंडात काय बसलं होतं, ते आम्हाला सांगायची गरज नव्हती. इंजेक्शन द्यायला आलेल्या सिस्टरला तो म्हणाला, "ये गो माझे बाय, शानी ती." दाढीवाल्या वॉर्डबॉयलाही तेच. नितीनलाही तेच. भेटायला आलेले नातेवाईक बाहेर जाऊन कुजबुजले की म्हातारा म्हशीचा ध्यास घेऊन बसला आहे.

मग नितीनने एक गोष्ट केली, जी फक्त आमच्याच घरात सुचू शकते. तो मोटरसायकलवर जांभूळला गेला, तबेल्यात चांदीला शोधलं आणि तिचा व्हिडिओ काढून आणला. आम्ही सगळे पलंगाभोवती जमलो. मोबाईलवर चांदी रवंथ करत होती, एकदा हंबरलीही. बाबाने बघितलं. ओळखलंही असणार. पण त्याने मोबाईल डाव्या हाताने हलकेच बाजूला सारला आणि पलीकडे पेजेची वाटी घेऊन उभ्या असलेल्या आईकडे मान वळवली. "ये गो माझे बाय," तो म्हणाला. "शानी ती."

आईने पदर तोंडाला लावला. मग पुढे होऊन त्याला पेज भरवायला लागली आणि म्हणाली, "आता सुचतंय व्हय."

घरी आणल्यावर हे रोजचं झालं. आई चहा घेऊन आली की ते शब्द, अंग पुसायला आली की तेच शब्द. आई आत जाऊन डोळे पुसून यायची, आणि काही काम नसतानाही पुन्हा त्याच्यासमोर जायची. उभ्या संसाराचं साठलेलं ती आता वसूल करत होती, आणि मला तिचा हेवा वाटत होता. कारण बाबा मला मात्र काहीच म्हणाला नव्हता.

सगळ्यांना म्हणत होता. दूध टाकायला येणाऱ्यालासुद्धा. मी समोर बसले की गप्प. नुसता गप्प नाही. माझ्याकडे टक लावून बघायचा, ओठ हलायचे, गळ्याच्या शिरा ताणल्या जायच्या, कपाळावर घाम यायचा. आवाज यायचा पण त्याचा शब्द व्हायचा नाही. मग मान हलवायचा, हे नव्हे, आणि पुन्हा लागायचा. मी म्हणायचे, "राहू दे बाबा, नंतर." आतून मात्र मी भीक मागत होते. तेच म्हण. म्हशीचंच म्हण. मला चालेल.

रजा संपली. निघायच्या दिवशी खुर्चीपाशी वाकले आणि त्याने सांगितलं नाही, म्हणून मीच सांगितलं. मोठ्याने, सगळ्यांसमोर, दृष्टीची पर्वा न करता. "बाबा, तू लय चांगला हायस. तुझ्यामुळं मी हाय." आमच्या घरात असं कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. त्याने डावा हात माझ्या पाठीवर ठेवला आणि थाप मारली, आणि त्याचे ओठ पुन्हा हलायला लागले. खालून गाडीचा हॉर्न वाजत होता. मी थांबले, थांबवेल तेवढी. शब्द आला नाही.

पुढच्या थंडीत बाबा गेला. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

दहाव्याला घाटावरून परतल्यावर, पाहुणे पांगल्यावर, मी आईला विचारलं, "बाबा मला काय सांगत होता गं?"

"मना काय ठाव? त्यालाच ठाव," आई म्हणाली. मग म्हणाली, "पन येक सांगते तुला. ते म्हशीचं बोल त्याच्या तोंडात व्हतंच, ते कोनालाबी देऊन टाकलं त्यानं. मनाबी तेच दिलं. तुझ्यासाठी तो नवा शोधत व्हता. इतका घाम त्यानं माझ्यासाठी कवा गालला नाय."

जिथे गोठा होता तिथे आता टॉवरचं पार्किंग आहे. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं की मी पालेगाव सांगते, आणि डोळ्यांपुढे येते ती चौथ्या मजल्यावरची खिडकीजवळची खुर्ची, जिच्यात बसून एक माणूस माझ्यासाठी शब्द शोधत होता. इकडे कॉर्कला सई शाळेतून तोंड पाडून आली की मी तिचा चेहरा हातात धरते आणि म्हणते, "ये गो माझे बाय, शानी ती." हे तिच्या आजोबांचे शब्द, असं मी तिला सांगितलं आहे; तिला वाटतं, सगळ्यांचे आजोबा असंच म्हणतात.

आई रविवारी फोन करते. ठेवायच्या आधी मोबाईल बाबाच्या फोटोसमोर धरते, ही तिची सवय. मी काही बोलत नाही. तो अजून शोधत असेल तर त्याला घाई होऊ नये, म्हणून थोडा वेळ तशीच थांबते.