दोघांच्या नावावरचा ट्रॅक्टर

वाटणी झाली तेव्हा विहीर माझ्या वाट्याला आली, आवार दिरांच्या वाट्याला गेलं आणि ट्रॅक्टर, डिझेलच्या खर्चासकट, दोघांच्या नावावर राहिला. अशी वाटणी ज्यांनी सुचवली त्या शहाण्यांना माझा आजही साष्टांग नमस्कार. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. बिबवेवाडीतली आमची शेतं प्लॉट होऊन संपली होती, त्यांवर सोसायट्या उठल्या होत्या आणि त्या सोसायट्यांच्या नळांना पाणी नव्हतं. मी विहिरीवर टँकर भरायचे, ट्रॅक्टरला जोडायचे आणि स्वतः चालवत नेऊन द्यायचे. त्यावर माझं घर चालत होतं. दिरांना आवारात संगणकाचा क्लास काढायचा होता, कारण तेव्हा ज्याला त्याला संगणक शिकायचा होता. ट्रॅक्टर भंगारात गेला की त्यांची जागा मोकळी होणार होती.

त्या सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला, आवाराच्या फाटकापर्यंत गेला आणि त्याने मान टाकली. स्टार्टर मारला की इंजिन फिरायचं, पण डिझेलवर धरायचं नाही. मी पेट्रोलमध्ये बोळा भिजवून इंजिनच्या हवा ओढणाऱ्या तोंडाशी धरला. तेवढ्यापुरतं धडधडलं आणि पुन्हा गप्प. म्हणजे इंजिन धड होतं, डिझेलच पोचत नव्हतं.

दीर खुर्ची टाकून चहा पीत बघत होते.

"पेट्रोलवर चालतोय की, वहिनी. उगाच त्याला नावं ठेवता."

"भाऊजी, चहा संपला असेल तर हा पाना धरा."

"नको, माझे हात खराब होतील."

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी मोटारसायकलवरून आले. कुठल्याशा संगणक कंपनीत होते, बोलताना सारखे घड्याळ बघायचे. "मॅडम, दुपारपर्यंत टँकर आला नाही तर उद्यापासून मी लॉरीच्या टँकरवाल्याला फायनल करतो. आमच्याकडे सगळे आयटीवाले आहेत, ते ॲडजस्ट नाही करणार."

"आंघोळ चुकली तर संगणक बंद पडतो का?" मी विचारलं. ते हसले नाहीत. लॉरी एकदा दारात शिरली की माझा टँकर कोणी विचारणार नव्हतं, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं. पण त्या दोघांसमोर घाबरलेलं दिसायचं नाही एवढं ठरवलेलं होतं.

रिक्षाने स्वारगेटला जाऊन डिझेलचा नवा फिल्टर आणला, बसवला. नळीत हवा अडकली असेल म्हणून फिल्टरवरचा बोल्ट सैल करून इंजिनावरचा डिझेलचा छोटा हातपंप मारत बसले. आधी फेस आला, मग स्वच्छ धार. बोल्ट आवळला, स्टार्टर मारला. इंजिन लागलं, जरा वेळ नीट चाललं, मग दम लागल्यासारखं हळूहळू खाली येत बंद पडलं. पुन्हा हवा काढली, पुन्हा तेच. कोपरापर्यंत डिझेल, पदराला डिझेल. सेक्रेटरी टँकरचं काय झालं ते बघायला परत आले होते, आणि मागून दिरांचं चालूच.

"डिझेलात रॉकेल असणार. कुठून भरता कोण जाणे. भंगारवाल्याला फोन लावतो, तो निदान न्यायला तरी येईल."

रॉकेल! मी पाना हातात घेऊनच त्यांच्यासमोर उभी राहिले. "उघडा टाकी. घ्या वास. सेक्रेटरींनाही द्या."

टाकी मला उघडता येत नव्हती, कारण आदल्याच संध्याकाळी दिरांनी तिच्यावर कुलुपाचं झाकण बसवलं होतं. एका वेल्डिंगवाल्याकडून मुद्दाम करून घेतलेलं, चांगलं जाड, रबर लावून घट्ट. किल्ली त्यांच्या करगोट्याला. त्या झाकणाचा मला इतका संताप आला होता की सकाळपासून मी त्याच्याकडे नजरही वळवली नव्हती.

त्यांनी सदरा वर करून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि झाकण ओढलं. निघेना. दोन्ही हात लावले तेव्हा फस्सकन आवाज करून टाकीने हवा आत ओढली.

मला तिथेच हसू फुटलं. जुन्या झाकणाला वर बारीक भोक होतं. डिझेल खाली उतरायचं तर वरून हवा आत यायला नको का? दिरांनी थेंब बाहेर जाऊ नये म्हणून बाटलीला बूच मारावं तशी टाकी बंद केली होती.

टाकी उघडी ठेवूनच हवा काढली, स्टार्टर मारला. इंजिन लागलं ते लागलं. मी झाकण परत दाबून बसवलं, थोड्या वेळाने इंजिनला धाप लागली. काढलं, पुन्हा सुरळीत. सेक्रेटरींना दिसेल असं दोनदा करून दाखवलं.

"चोरांसाठी बसवलं होतं," दीर म्हणाले.

"कुठले चोर? फाटकाला कुलूप असतं. आवारात तुम्ही आणि मी."

त्यांनी किल्ली परत करगोट्याला अडकवली. मग अगदी शांतपणे म्हणाले, "दादा होता तेव्हा झाकणाची गरज नव्हती."

माझे कान तापले. ज्या माणसाला मी बारा महिने पानात गरम पोळी वाढत होते, तो परक्या माणसासमोर मला चोर म्हणत होता. रडू आलं ते रागाचं होतं, आणि ते मी लपवलं नाही.

"भाऊजी, टाकीतलं निम्मं डिझेल तुमचं आहे. डबा आणा. आत्ताच्या आत्ता काढून घ्या."

मला वाटलं, लाजतील. सेक्रेटरीसुद्धा "अहो, कशाला, जाऊ द्या ना" म्हणाले. दीर घरात गेले आणि खरंच डबा घेऊन आले. नळी त्यांनी स्वतः धरली, आणि डबा भरताना टाकीत वाकून दोनदा बघितलं.

जुनं झाकण बसवून उरलेल्या डिझेलवर मी टँकर भरला आणि दुपारच्या आत पाणी पोचवून आले.