भरलेली बॅटरी जाणाऱ्याची

माझा सध्याचा फोन पस्तीस मिनिटांत पूर्ण भरतो आणि दुपारी दोनला मान टाकतो. दोन वर्षांपूर्वी घेतला तेव्हा दीड दिवस टिकायचा. दुकानात नेला तर दुकानदाराने उलटासुलटा करून पाहिला आणि सांगितलं की मॅडम, बॅटरी बदलायची तर मागची काच गरम करून सोलावी लागेल, त्यापेक्षा नवीन घ्या. मी गप्प बसले. बोलले असते तर फार बोलले असते, आणि माझ्या जिभेची ख्याती ऑफिसात आहे तेवढी पुरे आहे.

बाहेर आल्यावर लक्षात आलं, माझं बोट फोनच्या कडेवरून फिरत होतं. झाकणाची खाच शोधत होतं. जुन्या फोनच्या मागे नख घालण्यापुरती एक खाच असायची. तिथे नख घातलं की टक् आवाज करून झाकण निघायचं आणि आत बॅटरी दिसायची. ती काढायची, दुसरी घालायची, झाकण दाबायचं, की फोन पुन्हा ताजातवाना. या सगळ्याला एक मिनिट लागत नसे. याच्याहून फास्ट चार्जिंग मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

आमचा मळा नाशिकजवळ, मखमलाबादच्या पुढे. आई आणि वडील शेवंती, झेंडू आणि थोडे गुलाब लावायचे. वडिलांना मी दादा म्हणते. मी त्यांची एकुलती एक, त्यामुळे लाड आणि कामं दोन्ही माझ्याच वाट्याला आली. मी कॉलेजात असताना मोबाइल स्वस्त झाले आणि दादांनी एकदम तीन आणले. तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकाच काळ्या रंगाचे. मला गुलाबी हवा होता. दादा म्हणाले, रंगाला काय चाटायचंय, एकाचं दुसऱ्याला बसलं पाहिजे. फवारणीच्या पंपांबद्दल त्यांचा हाच नियम होता. आणि तीन फोनांसोबत त्यांनी चौथी बॅटरी जादा घेतली.

या चौथ्या बॅटरीवर आमचं घर चालायचं. मळ्यात वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि मध्येच जायची ती वेगळी. जादा बॅटरी चिमट्याच्या चार्जरात भरायला लावायची, तो भिंतीत खोचला की त्याचे लाल-हिरवे दिवे लुकलुकायचे. आई त्याला खेकडा म्हणायची. 'खेकड्यात कोणती हाय?' हा आमच्या घरातला रोजचा प्रश्न होता. चार बॅटऱ्या ओळखू याव्यात म्हणून मी त्यांच्यावर नेलपॉलिशचे ठिपके दिले होते, एक ते चार. दोन ठिपक्यांची सगळ्यात दमदार होती आणि तिच्यावरून माझी आणि आईची चक्क भांडणं व्हायची.

बॅटरी म्हातारी झाली का, हे पाहायची दादांची एक रीत होती. चहा झाला की ती फरशीवर आडवी ठेवायची आणि बोटाने गिरकी द्यायची. घासत थांबली तर ठीक. भोवऱ्यासारखी फिरली तर पोट फुगलं, तिचे दिवस भरले. मग दादा ती हातात घेऊन अंगठ्याने दाबून पाहायचे, पेरू पिकलाय का पाहावं तशी, आणि 'चांगली चालली बिचारी' म्हणून बाजूला ठेवायचे. लगेच टाकून द्यायला त्यांना जीव होत नसे.

घरात एक नियम आपोआप पडला होता. कोणी ठरवून केला नव्हता, कोणी मोडलाही नाही. घराबाहेर जाणाऱ्याने भरलेली बॅटरी न्यायची आणि अर्धीमुर्धी किंवा मेलेली घरात राहणाऱ्याला द्यायची. भरलेली जाणाऱ्याची. फुलबाजारात जाणाऱ्या दादांना भरलेली, माहेरी निघालेल्या आईला भरलेली. पण सगळ्यात जास्त जाणारी मी होते. आधी शहरात कॉलेजला, मग पुण्याला हॉस्टेलवर. दादा मला सोडायला सीबीएसच्या एसटी स्टँडवर यायचे, बाकावर बसायचे, स्वतःच्या फोनचं झाकण उघडायचे, माझ्या फोनचं उघडायचे आणि बॅटऱ्यांची अदलाबदल करायचे. त्यांच्या बोटांना शेवंतीचा हिरवा डाग कायमचाच असायचा. मग मेलेली बॅटरी घातलेला फोन खिशात टाकून ते बस हलेपर्यंत उभे राहायचे. मला त्यात काही विशेष वाटायचं नाही. भरलेली मिळणार हे मी धरूनच चालले होते.

पुढे मी नोकरीला लागले, लग्न झालं, नाशकातच गंगापूर रोडला राहायला आले. माझे फोन बदलत गेले, आईदादांचे तेच राहिले. बॅटऱ्या मात्र एकेक करून गिरक्या घ्यायला लागल्या. कंपनीने त्या बनवायच्या बंद केल्या होत्या, आणि बाजारात मिळायच्या त्या नकली, महिनाभरात मरायच्या. शेवटची चांगली बॅटरीही एक दिवस फरशीवर भोवऱ्यासारखी फिरली. मी तो दिवस साधला आणि त्यांना दुकानात घेऊन गेले.

दुकानात त्यांनी नवा फोन हातात घेतला, उलटा केला आणि कडेला नख घालायला सुरुवात केली. काउंटरवरची मुलगी घाबरली. दादांनी विचारलं, बॅटरी कुठाय. ती म्हणाली, आत आहे, निघत नाही. मेली तर काय करायचं, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, काका, मरत नाही, अर्ध्या तासात फुल होते. हे त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण मला घाई होती. मी दोन फोन घेतले. दादांच्या हट्टाने दोन्ही एकाच मॉडेलचे आणि एकाच रंगाचे. आतलं निघतच नाही तर एकाचं दुसऱ्याला बसण्याचा प्रश्न येतो कुठे, हे मी त्यांना तीनदा समजावलं. त्यांनी तीनदा मान डोलावली.

फास्ट चार्जिंग त्यांना कधी पटलं नाही. भरताना फोन तापायचा, तो ते गालाला लावून पाहायचे आणि आईला म्हणायचे, याला कणकण हाय. एवढ्या घाईने पोटात ढकललं तर अंगी कसं लागेल, असं त्यांचं म्हणणं. मी हसायचे. आता माझ्या फोनची गत बघता ते अगदीच चुकले नव्हते असं म्हणावं लागेल. एक गोष्ट तर तेव्हाच दिसायला हवी होती. झटकन भरता येतं म्हणून कोणी काही भरून ठेवायचंच बंद झालं. आईचा फोन सदा दहा-बारा टक्क्यांवर. विचारलं तर म्हणायची, निघायच्या आधी लावीन की अर्धा तास.

मार्गशीर्षातला बुधवार होता. ऑफिसातल्या बायकांना गुरुवारच्या पूजेला शेवंती हवी होती, आणि माझ्या वडिलांचा मळा आहे म्हटल्यावर ती त्यांना माझ्याचकडून हवी होती. अकराच्या सुमाराला मी दादांना फोन लावला. फोन आईने उचलला. मागे एसटीचा खडखडाट. ती येवल्याला निघाली होती, मावशीच्या सुनेच्या डोहाळजेवणाला. ते मला माहीत होतं. पण दादांचा फोन तिच्याकडे कसा, हे कळेना.

ती म्हणाली, "अगं, सकाळपासनं लाइट नाय. माझा चार टक्क्यांवर होता. तुझ्या दादांचा भरलेला होता, त्यांनी मला दिला न् माझा ठेवून घेतला. जाणाऱ्याची भरलेली ना?"

मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. माझं डोकंच फिरलं. पूर्वी बॅटरी बदलायची, फोन आणि नंबर ज्याचा त्याच्याकडे राहायचा. आता या दोघांनी अख्खा फोन बदलला होता, नंबरासकट. मळ्यात एकटा पंचाहत्तरीचा माणूस, आणि त्याच्या हातात चार टक्के. मी आईचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मला काळजी वाटली असं मी इथे लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आला होता. इतकं समजावून सांगितलेलं यांच्या डोक्यात कसं शिरत नाही, याचा राग. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी स्कूटर काढली ती दादांना चांगलं फैलावर घ्यायला. वाटेत मी वाक्यंसुद्धा जुळवत होते.

घराला कडी होती, कुलूप नव्हतं. फुलं तोडणाऱ्या बाया सकाळीच आपलं काम आटपून गेलेल्या. मी हाक मारली, उत्तर आलं नाही. मग शेवंतीच्या वाफ्यांकडे गेले.

दादा तिसऱ्या वाफ्याच्या कडेला पडले होते. ठिबकच्या नळीत पाय अडकून कुशीवर आपटले होते आणि उठता येत नव्हतं. डोक्याखाली त्यांनी गोणपाट ओढून घेतलं होतं. फोन शेजारी पालथा, नंबर लावता लावता मेलेला. आई गेल्यावर थोड्याच वेळाने पडले होते, म्हणजे चांगले तीन तास तिथेच होते. आणि हात पोचेल तेवढ्या जागेतलं गवत त्यांनी उपटून एका बाजूला नीट रचून ठेवलं होतं. ते गवत पाहून माझी सगळी जुळवलेली वाक्यं गेली.

मी जवळ बसले. दादांनी डोळे उघडले.

"तुझी आई पोचली का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, दादा, आधी हलू नका, मी गाडी बोलावते. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी अॅम्ब्युलन्सला फोन केला, पत्ता सांगितला, तोवर ते माझ्या फोनकडे हात करून होते. शेवटी मी आईला लावून दिला. मला वाटलं, ते तिला परत बोलावतील.

"हां, बोल," ते म्हणाले. "पोचली? बरं झालं. नाय गं, इथं सगळं ठीक हाय. पोरगी आलीय, गप्पा मारतोय. तू जेवल्याबिगर निघू नको."

त्यांच्या कपाळावर थंडीत घाम होता. ओठ पांढरे पडले होते. पण आवाजात काही म्हणजे काही नव्हतं. नेहमीचा, जरा कंटाळलेला, जरा गमतीचा आवाज. हा आवाज मी पुण्याला हॉस्टेलवर पाच वर्षं ऐकला होता, आणि प्रत्येक वेळी खरा मानला होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, प्लेट बसली. आता दादा काठी घेऊन वाफ्यांमधून हिंडतात आणि मला न विचारता नळ्या उचलतात. दोन महिन्यांनी एका रविवारी मी मळ्यात गेले होते. ते अंगणात खाटेवर बसून झेंडूचं बी निवडत होते. मी शेजारी बसून विचारलं, दादा, मी पुण्याला असतानाही तुम्ही असंच सांगायचात का, सगळं ठीक आहे म्हणून?

"कधी कधी," ते म्हणाले, आणि बी निवडत राहिले.

मी म्हटलं, म्हणजे कधी. त्यांनी बियांतला कचरा फुंकला. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "तुझ्या शेवटल्या परीक्षेचं साल आठव. त्यांना नाग चावला होता ना."

मला हे माहीतच नव्हतं. आई दारात येऊन भाकरी थापल्यासारख्या सरळ आवाजात सांगत होती. दोन दिवस लाइट नव्हती, भरलेली एकच उरली होती. दुपारी दादा मला सीबीएसला सोडून आले. संध्याकाळी पाणी बंद करायला गेले तर पायाला डसला. घरातल्या तिन्ही बॅटऱ्या मेलेल्या. ती मळ्यातून डांबरी रस्त्यापर्यंत पळत गेली, एका टेम्पोवाल्याला आडवी झाली, आणि त्याने दोघांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले होते, अजून थोडा उशीर झाला असता तर हाताला लागले नसते.

"जुनं झालं ते," दादा म्हणाले.

त्यांच्यासाठी झालं असेल. मला तो दिवस आठवला, आणि चांगलाच आठवला. बसमध्ये मैत्रिणीशी नारायणगावपर्यंत बोलत मी ती भरलेली बॅटरी संपवली होती. परीक्षेबद्दल नव्हे, एका मुलाबद्दल. पुण्यात उतरले तेव्हा फोन बंद, रिक्षा ठरवताना फजिती झाली. दुसऱ्या दिवशी दादांचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावर चिडले होते की बॅटरी नीट भरली नव्हती, अर्ध्या वाटेत मेली. आई म्हणाली, दादा तेव्हा दवाखान्यात होते, हाताला सलाइन होतं, मोबाइल तिने त्यांच्या कानाशी धरला होता.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं होतं. आणि म्हणाले होते, "चुकलं माझं, बाई. पुढल्या खेपेला नीट भरून देतो."