तेल सुटेपर्यंत

एका सकाळी मी दोन तासांत नवऱ्याच्या नव्याने प्रेमात पडले, त्याने मेसेजला नुसतं 'बरं' म्हटलं म्हणून त्याला ब्लॉक केलं, आणि पुन्हा अनब्लॉक करून त्याच्यासाठी शर्ट बघायला लागले.

याला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणतात, हे समुपदेशक बाईंनी सांगितलं. भावना खरीच असते, त्या म्हणाल्या, पण ती उसळली की लगेच काही करायचं नाही, आधी अर्धा तास हाताला काम द्यायचं.

सोलापुरात हाताला काम म्हणजे शेंगाचटणी. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट उखळात घालायचं आणि तेल सुटेपर्यंत कुटायचं. तेल सुटल्याशिवाय मेसेज पाठवायचा नाही, असा नियमच केला. तोवर दंड भरून येतात आणि पाठवायला एवढंच उरतं, 'येताना दही आण.'

पहिल्याच महिन्यात अकरा बरण्या भरल्या. बार्शीची नणंद, शेजारणी, नवऱ्याचं ऑफिस, सगळ्यांनी माझा राग भाकरीशी चाटून पुसून खाल्ला, वर तारीफही केली.

परवा सासूबाई रिकामी बरणी घेऊन समोर उभ्या राहिल्या. "महिना झाला, घरात चटणी न्हाय. जरा चिड की कुणावर तरी."

महिना झाला, आणि मला पत्ताच नव्हता. इतका आनंद झाला की वाटलं, नोकरी सोडावी, कर्ज काढून गाडी घ्यावी, सगळ्या गल्लीला जेवायला बोलवावं. फोन हातात घेतलासुद्धा. मग तो ठेवला, आणि मुकाट्याने शेंगदाणे भाजायला घेतले.