कापलेली डावी कड

आमच्या कंपनीत फोटो सरळ करायचे असले की ते माझ्याकडे यायचे. तळवड्यातलं छोटं युनिट, आम्ही प्रेसवर पत्र्याचे भाग काढायचो आणि मी क्वालिटीत होतो. खराब निघालेल्या प्रत्येक भागाचा फोटो रिपोर्टला लावावा लागे, आणि मोबाइल कसाही धरून काढलेले ते फोटो स्क्रीनवर आडवे पडलेले असत. मी ते फिरवायचो, कडेचे पाय, चहाचे कप, कुणाची तरी चप्पल कापून टाकायचो आणि दोषाभोवती लाल गोल काढायचो. मला याचा गर्व होता, खोटं कशाला सांगू. चाकणच्या एका बड्या गिऱ्हाइकाने मीटिंगमध्ये माझ्या फोटोंचं कौतुक केलं, तर आठवडाभर मी कॉलर ताठ करून फिरलो.

मग एकदा पहिल्या शिफ्टला एका ऑपरेटरच्या डाव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. परभणीकडचे, ठेकेदारामार्फत आलेले, पन्नाशीचे गृहस्थ. आळंदीला खोली करून राहायचे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. त्यांना दवाखान्यात नेल्यावर मशीनचे फोटो काढायला मला पाठवलं. मी घाईघाईने ते काढले. एकच फोटो धड आला, तोही आडवा.

त्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली यायची, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. पण घाईची ऑर्डर असली की सुपरवायझर डाव्या बटणावर चिकटपट्टी लावून ते दाबलेलंच ठेवायचा. मग उजव्या हाताने बटण आणि डाव्याने पत्रा, काम भराभर उरकायचं. माझ्या फोटोत अगदी डाव्या कडेला ती पट्टी स्पष्ट दिसत होती.

मॅनेजर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मी मोबाइलवरच फोटो फिरवून सरळ केला. मग ते म्हणाले, फक्त मशीनचा मधला भाग दिसू दे, बाकीचा पसारा कशाला? आवाज अगदी रोजचा होता. मी डावी कड आत ओढली. पट्टी गेली, बटणही गेलं, आणि फोटो चौकटीत छान बसला. खाली कारण लिहिलं गेलं, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. मी नोकरीला घाबरलो, एवढंच खरं आहे. बाकीच्या सबबी मी नंतर शोधल्या.

दोनेक महिन्यांनी मामा गेटबाहेरच्या टपरीवर माझी वाट बघत उभे होते. चूक तुमचीच, रिपोर्टात तसंच आहे, असं म्हणून ठेकेदार त्यांना कामावर घेत नव्हता. घरी बायकोही तेच ऐकवायची. त्या सकाळचं त्यांना नीट आठवत नव्हतं, आणि कारखान्यातलं कुणी तोंड उघडेना.

"साहेब, फोटू तुमीच काढलाय. त्या दिशी बटनाला पट्टी व्हती का नव्हती, तेवढं सांगा. तुमी म्हनाल ते मानतो."

मी मोबाइल काढला. मूळ फोटो आणि कापलेला, दोन्ही त्यात एकामागोमाग होते. मी कापलेला उघडून त्यांच्यापुढे धरला. बघायला म्हणून त्यांनी हात पुढे केला, पण मी मोबाइल त्यांच्या हाती दिला नाही. चुकून बोट लागलं असतं तर मागचा फोटो सरकून पुढे आला असता. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि तरी माझी पकड सुटली नाही.

मामांनी उन्हात डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं.

"न्हाई दिसत," ते म्हणाले. "मंग माझंच ध्यान नसंल. उगं सुपरवायझरवर आळ घेत व्हतो."

मला त्रास दिला म्हणून त्यांनी हात जोडले. दोन बोटं नसल्याने ते नीट जुळेनात.

मी म्हणालो, "असू द्या, मामा."