काटेरी लगाम उतरवल्यावर

आमच्या बाबाचं एकच तत्त्वज्ञान: "जनावर आणि जावई, लगाम ढिला सोडला की डोक्यावर बसतात." मी लग्नच केलं नाही, त्यामुळे जावयाचा भाग वाया गेला. उरलेलं सगळं आमच्या पांढऱ्या घोडीच्या वाट्याला आलं.

रामवाडीत घराच्या मागे ती बांधलेली असते. पेणपासून रोह्यापर्यंतचे कितीतरी नवरदेव तिच्यावर बसून मांडवात गेले. बेंजो वाजला की ती नाचायची आणि लोक म्हणायचे, "काय हौशी घोडी हाय!" मीही कंपनीत हेच मिरवायचे. मलाही तिच्यावर बसायचं वेड. डोलवीच्या कंपनीतली शिफ्ट सुटली की मांड घट्ट, टाच मार आणि मिठागराच्या बांधावरून सुटायचं, बाबानं शिकवलं तसं. वाटायचं, आमची दोघींची केवढी मैत्री. असली मैत्री तर आमच्या सुपरवायझरचीही माझ्याशी आहे.

बाबाचे गुडघे गेले आणि वरातीतला लगाम माझ्या हातात आला, तेव्हा डोळे उघडले. वरातीचा लगाम वेगळा असतो. तोंडातल्या लोखंडाला बारीक काटे. ठेक्यावर झटका दिला की काटे टोचतात आणि ती पाय उचलते. पुढे पुढे तर मी झटका द्यायच्या आधीच ती पाय उचलायला लागली. हौस कसली डोंबलाची! बिचारी घाबरून नाचत होती आणि आम्ही शिट्ट्या मारत होतो.

मी तो लगाम माळ्यावर फेकला आणि साधी दोराची मोरकी घातली, तोंडात लोखंड नाहीच. बाबा भडकला. तेव्हा तो स्वतः नव्या कवळीनं हैराण होता, जेवण झालं की ती वाटीत टाकून शिव्या घालायचा.

"तुला तुझ्या मापाची कवळी सोसत नाय," मी म्हटलं, "आणि तिनं काटे चघळायचे?"

"मी काय घोडा हाय?"

"नाय. घोडा असतास तर ऐकलं असतंस."

"लय शहाणी झालीस गो," तो म्हणाला. "रोह्याची वरात येतेय. मोरकीवर नेऊन दाखव. बिघडवली असलीस तर देऊन टाकतो घोडी. घ्यायला माणूस तयार हाय."

माझं तोंड गप्प बसेल तर ना! म्हटलं, दाखवते.

टेम्पोतून रोह्याला गेलो. नवरदेव बसला, घोडी गुणी मुलीसारखी कोपऱ्यापर्यंत चालली. तिथे डीजेनं आवाज सोडला आणि बाईसाहेब थांबल्या. चारी पाय रोवून. मी मान चोळली, गयावया केली, हळूच दोन शिव्याही दिल्या. ढिम्म. टेम्पोच्या पुढच्या सीटवरून बाबा बोंबलत होता, "खेच! खेच तिला!" खेचणार काय कपाळ? हातात दोर होता.

"ताई, मी उतरतो," नवरदेवच म्हणाला. "वर बसून गरगरतंय मला. आणि मित्र बघा कसे नाचतायत." उतरला आणि मांडवापर्यंत घाम गाळून नाचत गेला. "नवरा पायी आला गो बाय!" म्हणून त्याच्या आत्यानं गाव डोक्यावर घेतलं. गर्दी आणि डीजे पुढे सरकल्यावर आमची घोडी रिकाम्या पाठीनं शांतपणे मागून निघाली. वरातीमागून घोडं म्हणतात ते रोहेकरांनी याचि डोळा पाहिलं.

परतीला बाबा पुढे टेम्पोवाल्याशेजारी बसला. मी मागे घोडीजवळ बसून पेण येईपर्यंत रडले. मोठ्यानं रडले, टेम्पोवाल्याला काय वाटायचं ते वाटो.

सकाळी घोडी घ्यायला तयार असलेला तो माणूस आला. तिचे दात बघितले, खूर बघितले आणि पिशवीतून स्वतःचा लगाम काढला. तसलाच, काट्यांचा. लोखंड वाजलं मात्र, घोडीनं एक पाय उचलला. मग दुसरा. बेंजो नाही, डीजे नाही, तोंडात अजून काही घातलेलंही नाही, आणि ती अंगणात एकटीच नाचत होती.

"झकास नाचते की, काका!" तो माणूस खूश. "घेऊन जातो."

बाबा ओट्यावर बसून तिच्याकडे बघत राहिला. तोंडात कवळी नव्हती, त्यामुळे त्याचा चेहरा पार आत गेलेला दिसत होता.

"ते पिशवीत टाक," तो म्हणाला.

"आता काय झालं?"

"ती नाचत नाय रे. टाक पिशवीत. नाय द्यायची मला घोडी."

"वरातीला चालत नाय म्हणालात ना? मग ठेवून उपयोग काय तिचा?"

बाबा भिंतीला धरून कसाबसा उभा राहिला.

"माझा तरी काय उपयोग हाय आता?" तो म्हणाला. "मला न्यायला आलास काय?"