शहाजी हवालदाराची दोन तासांची रजा

शहाजी हवालदारानं सव्वीस वर्षं फौजेत पहारा दिला. आता दिल्ली छावणीत, लेकाच्या क्वार्टरात, त्यानं बायकोच्या खाटेशी पहारा मांडला होता.

द्वारकाचा कॅन्सर आता औषधाला बधत नव्हता. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा, दुखू देऊ नका, खाईल ते खाऊ द्या. दर गुरुवारी सोनम सिस्टर येऊन बघून जायची. पण शहाजीला धीर कुठला? दर अर्ध्या तासाला तो द्वारकाच्या नाकापाशी बोट धरायचा. बोटाला श्वास जाणवला की वहीत टिक. बाईचा जरा डोळा लागला की हाक, "द्वारके!"

"हाय की अजून! मेले तर सांगीन," ती खेकसायची. "रोगापरीस तुमच्या बोटानंच जीव जायचा. तंबाखूचा वास मारतंय!"

दोन महिने गडी उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. दाढी वाढून करवंदीची जाळी झालेली.

त्या गुरुवारी सोनमनं आधी द्वारकाचा बीपी बघितला, मग शहाजीचा. "अंकलजी, आंटी ठीक हैं. चढ़ा तो आपका है!"

द्वारका उशीला टेकून बसली. सुनेला म्हणाली, "रुचिता, कागद घे. लिही. हवालदार शहाजी यांना दोन तासांची रजा मंजूर. काम, दाढी करणे. रजेत खाटेजवळ दिसल्यास शिक्षा."

आणि खाली सही ठोकली. फौजी माणूस, लेखी हुकूम मोडवेना. शहाजी मुकाट जिना उतरला आणि समोरच्या कट्ट्यावर खिडकीकडं डोळे लावून बसला. कपडे वाळत घालताना रुचिताला तो दिसला. तिनं सासूला सांगितलं, आणि लगेच शहाजीचा फोन वाजला.

"अवं, कट्ट्यावर बसून रजा भोगताय व्हय? तिथनं मी दिसत न्हाई, नुसती धुणी दिसत्यात. उठा!"

मग मात्र तो सदर बाजारात न्हाव्याकडं गेला. न्हाव्यानं दाढी केली, डोक्याला तेल चोळलं, आणि शहाजी खुर्चीतच घोरायला लागला. जाग आली तेव्हा घरातून निघून तीन तास उलटलेले. रिक्षा करून, दोन-दोन पायऱ्या चढत तो घरात शिरला.

द्वारका वाटीतला दहीभात खात होती.

"झोप लागली," तो मान खाली घालून म्हणाला. "तुझी याद बी न्हाई आली गं."

द्वारका हसली, इतकी की कूस धरावी लागली. "त्येच बघायचं हुतं मला. माझ्याबिगर घोरतासा म्हंजे निभंल तुमचं. मला ह्याचाच घोर लागलेला. आता एक तास उशीर केलासा, त्याची शिक्षा. दर गुरुवारी जायचं."

"जाईन," शहाजी म्हणाला, आणि सवयीनं बोट तिच्या नाकापाशी नेलं.

द्वारकानं ते कडकडून चावलं. शहाजी बोंबलला. रुचितानं सासऱ्याची वही ओढली आणि आपल्या हातानं टिक केली.