आत्याच्या आधी इरा

माझ्या नातीचं नाव बारशाआधी फक्त चौघांना माहीत होतं: मुलगी मुक्ता, जावई, त्यांची बहीण शलाका आणि माझी बायको. पाचव्या माणसाला सांगायची गरज नव्हती. पाचवा मी.

"इरा," मुक्ता कुजबुजली. "पण बाबा, कुठे बोलायचं नाही. पाळण्यात आत्यानेच पहिल्यांदा सांगायचं. शलाकाताई नागपूरहून खास त्यासाठी रजा काढून येतायत."

मी मान डोलावली. पण संशय हा माझा जुना आजार. (दूध घट्ट आलं तरी दूधवाल्याचा यात डाव काय, असं मला वाटतं.)

"अर्थ काय?"

"पृथ्वी," जावई म्हणाले.

"ते संस्कृतात. बाकीच्या भाषांचं काय? उद्या पोरगी परदेशी गेली म्हणजे?"

दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गीसबाईंना लिफ्टमध्ये गाठलं. नाव अर्थातच फोडलं नाही. "शब्दकोड्यात 'इरा' अडलंय," म्हटलं.

"आमच्या मल्याळममध्ये इरा म्हणजे शिकार. वाघ खातो ती."

जेवण गेलं नाही. संध्याकाळी शेजारच्या नटराजनना विचारलं. तमिळमध्ये रात्र. बी विंगमध्ये स्पॅनिशचे क्लास घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "राग. आणि अमेरिकेत पुरुषाचं नाव असतं हं ते." म्हणजे दोन अक्षरांत माझी नात रागीट, काळोखी, वाघाच्या तोंडात आणि वर पुरुष!

शेवटी तळमजल्यावरचे देवधर. (सगळ्या भाषा येतात, असं त्यांचं स्वतःचं मत आहे.) ते एवढंच म्हणाले, "नात झाल्यापासून शब्दकोडी सोडवता वाटतं." त्यांचा स्वर मला संशयास्पद वाटला.

बारशाला कोथरूडमधली आमची अख्खी सोसायटी खालच्या हॉलमध्ये जमली. शलाका पाळण्याशी वाकली आणि तिची नजर शेजारच्या टेबलावरच्या भेटींवर गेली. वर्गीसबाईंच्या चांदीच्या वाटीवर कोरलेलं, 'इरा'. स्पॅनिशवाल्या बाईंच्या झबल्यावर विणलेलं, 'इरा'. देवधरांच्या पाकिटावर, 'चि. इरास (शब्दकोड्याचं उत्तर)'.

शलाकाचा चेहरा उतरला. मी सगळ्यांकडे रोखून पाहिलं आणि बायकोला हळूच विचारलं, "कुणी फोडलं असेल गं?"

"तीस वर्षांत तुम्हाला शब्दकोडं सोडवताना मी एकदाही पाहिलेलं नाही," ती म्हणाली.

शलाका पुन्हा वाकली. बाळाच्या कानात बराच वेळ बोलली, मग सरळ उभी राहिली.

"बाळाला सांगितलं. बाकीच्यांना काकांनी सांगूनच टाकलंय ना."

हॉल हसला. मीही हसलो, कारण दरवाजा लांब होता.

इरा आता तीन वर्षांची आहे आणि गेल्या आठवड्यात मुक्ताला मुलगा झाला. नाव ठरलंय म्हणे. ते मला कुणीही सांगितलेलं नाही. पण काल लिफ्टमध्ये वर्गीसबाई माझ्याकडे बघून गोड हसल्या. त्यावरून, मल्याळममध्ये तरी अर्थ चांगला असावा.